विषय चालू असताना बाहेर

आमच्या विद्यापीठाच्या मंडळाची एक पद्धत आहे आणि मंडळाला तिचा फार अभिमान आहे. एखाद्या विषयात ज्या सदस्याचा स्वतःचा हितसंबंध असेल, त्याने तो विषय चालू असताना उठून बाहेर जायचं. बाहेर म्हणजे सभागृहाच्या दारासमोरच्या व्हरांड्यात. तिथे एक लाकडी बाक आहे, कोपऱ्यात चहाचं यंत्र आहे आणि भिंतीवर आजवरच्या कुलगुरूंचे फोटो आहेत, सगळे एकाच फोटोग्राफरने एकाच खुर्चीत बसवून काढल्यासारखे. विषय संपला की कुलसचिव दार किलकिलं करून मान हलवतात आणि बाहेरचा माणूस आत येऊन आपल्या जागेवर बसतो. बाहेर असताना काय ठरलं हे विचारायचं नाही. ते इतिवृत्तात कळतं.

मी प्राध्यापकांमधून मंडळावर निवडून गेले तेव्हा मला ही पद्धत इतकी आवडली की घरी येऊन काकांना मी ती दोनदा सांगितली. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बाहेर चहा फुकट असतो का?’’ मी चिडले होते. आता त्या बाकाकडे नुसतं बघितलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मी शिकायला या शहरात आले ती त्यांच्याच घरी राहिले आणि लग्न न करता तिथेच म्हातारी व्हायला लागले. काका पत्र्याच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना प्रेस अवेळी खाली आली आणि त्यांचा उजवा हात कोपराच्या खाली संपला. कारखान्याने भरपाईचे कागद घरी पाठवले. कागद घेऊन आलेल्या माणसाने काकांकडे बघितलं, त्यांच्या बँडेजकडे बघितलं, आणि काही न विचारता शाईचं पॅड पुढे करून त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा धरला. रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. काकांनी अंगठा उमटवू दिला. नंतर बराच वेळ ते मोरीत साबणाने हात धूत राहिले. मावशी दाराशी उभी होती, तिने आत जायची हिंमत केली नाही.

त्यांच्यासाठी मी जो हात बनवला, त्यातूनच माझं पुढचं सगळं आयुष्य निघालं. त्याच्यात बॅटरी नाही, विजेचं काही नाही. पाठीवरून एक पट्टा दुसऱ्या खांद्याला जातो आणि पट्ट्याला तार असते. खांदा जरा पुढे नेला की तार ओढली जाते आणि बोटं उघडतात. खांदा सैल सोडला की बोटं मिटतात, आणि जे धरलं असेल ते धरूनच राहतात. स्वस्त, दणकट, आणि कुठलाही बरा कारागीर दुरुस्त करू शकेल असा. पहिला हात बसवला तेव्हा काकांनी चमचा मागितला नाही, पेला मागितला नाही. म्हणाले, ‘‘याने सही येईल का?’’

यायला बरेच महिने लागले. पण आली. अक्षर थोडं आडदांड, शेवटी एक रेघ खाली ओढलेली. बँकेतल्या बाईने पहिल्यांदा ती सही स्वीकारली त्या दिवशी मावशीने अख्ख्या गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

पुढे एका कंपनीने त्या हाताचे हक्क घेतले. रॉयल्टी विद्यापीठाला यायला लागली आणि तेव्हाच्या मंडळाने ठराव केला की त्यातला मोठा वाटा हातांच्या कार्यशाळेला मिळत राहील. कार्यशाळा म्हणजे आवाराच्या मागच्या बाजूची बैठी पत्र्याची शेड. तिथे आम्ही हात बनवतो, त्याहून जास्त दुरुस्त करतो. तार तुटते, पट्टा घासतो, मुलं वाढतात आणि हात तोकडा पडतो. हात एकदा देऊन भागत नाही, तो आयुष्यभर सांभाळावा लागतो. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून आम्ही काही घेत नाही. काका तिथे रोज येतात. नव्याने हात लागलेल्या माणसाला शर्टाची बटणं लावायला, कुलूप उघडायला आणि पेन धरायला तेच शिकवतात. रडणाऱ्याला ते म्हणतात, ‘‘रडून घे, पण रुमाल याच हाताने काढ.’’

मावशीने जाण्याआधी तिच्या माहेरचं घर, आम्ही राहत होतो तेच, विद्यापीठाला दिलं. तिचं स्वतःचं होतं ते. दानपत्रात सरळ लिहिलं होतं की घर विकून येईल ते सगळं हातांच्या कामासाठी वापरावं आणि दुसऱ्या कशासाठी वापरायचं झालं तर आधी यजमानांची सही घ्यावी. ती गेल्यावर विद्यापीठाने घर विकायला फार वेळ लावला नाही. मी भाड्याची जागा घेतली आणि काका तिथे पुढच्या खोलीत राहायला आले. येताना एक ट्रंक आणि मावशीचं शिवणयंत्र घेऊन आले. शिवणयंत्र का, असं मी विचारलं नाही.

एवढं सगळं सांगितलं कारण त्या दिवशी मंडळापुढे आलेला विषय हाच होता, फक्त त्याला ओळखता येणार नाही असे कपडे घातलेले होते. विषयपत्रिकेवर छापलं होतं, ‘नवोन्मेष संकुल : बांधकाम, स्वामित्वधन व देणगी यांबाबत एकत्रित प्रस्ताव.’ तपशिलाच्या जागी ‘सभेत सादर होईल.’ मी वाचलं तेव्हा मला वाटलं, बांधणार असतील कुठेतरी काहीतरी. आमच्या आवारात सतत काहीतरी बांधलं जात असतं. शिकवायला माणसं नाहीत, पण शिकवायच्या खोल्या वाढतच असतात.

विषय पुकारला गेला. कुलगुरू गोड माणूस. आवाज कधी चढवत नाहीत, कुणाला नाही म्हणत नाहीत, आणि त्यांच्या मनासारखं झाल्याशिवाय काही होत नाही. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, स्वामित्वधन म्हणजे तुमच्या संशोधनाची रॉयल्टी आणि देणगी तुमच्या मावशींची. तुमच्याइतका हितसंबंध दुसऱ्या कुणाचा असणार? आपली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे.’’

मी म्हटलं, बांधकामाशी माझा काय संबंध? ते भाग वेगळे करा, मी दोन भागांना बाहेर जाते. कुलगुरू म्हणाले, प्रस्ताव एकत्रित आहे. मग त्यांनी मंडळाच्या वकिलाकडे बघितलं. वकिलाने डोळे मिटून मान डोलावली. त्याचं मत नेहमी कुलगुरूंच्या मतापाठोपाठ येतं, पण येताना काळा कोट घालून येतं. मी उठले. खरं सांगायचं तर थोड्या ऐटीतच उठले. आपण स्वच्छ आहोत हे दाखवायची संधी मिळाली की माझ्यासारखी माणसं आंधळी होतात.

माझ्या मागोमाग आणखी एक सदस्य उठले. त्यांना मी मनातल्या मनात सिमेंट म्हणते. उद्योगजगताचे प्रतिनिधी म्हणून ते मंडळावर आहेत आणि विद्यापीठातलं बहुतेक बांधकाम त्यांच्या जावयाची कंपनी करते. जावयाचा विषय आला की सासरेबुवा नियमाप्रमाणे बाहेर येतात. नियम मोडल्याचं एक उदाहरण दाखवा.

बाहेर बाकावर काका बसले होते.

इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, हाताचा पट्टा शर्टाच्या आतून नीट ओढून घेतलेला. मला बघून ते शाळेतून पळालेल्या पोरासारखे चपापले. मी विचारलं, तुम्ही इथे कसे? तर म्हणाले, तुला सांगायचं नव्हतं. कुलगुरूंचा फोन आला होता. मावशीचं नाव एका मोठ्या इमारतीला लागणार आहे. त्यासाठी एक सही हवी आहे आणि मंडळासमोर दोन शब्द बोलायचे आहेत. मॅडमना आधी सांगू नका, त्यांचा हितसंबंध आहे, उगाच अडचणीत येतील, असं कुलगुरू म्हणाले होते.

‘‘म्हणजे तुला त्रास नको म्हणून गप्प बसलो,’’ काका म्हणाले.

मला काकांचा राग आला. त्या माणसाने आयुष्यभर माझ्याशी कधी लपवाछपवी केली नव्हती, आणि एका फोनवर त्यांनी मलाच परकं केलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सिमेंटने तिघांसाठी चहा आणला. या व्हरांड्यात त्यांचा वावर यजमानासारखा असतो. यंत्राचं कुठलं बटण अडकतं, बाकाच्या कुठल्या टोकाला वारा लागतो, सगळं त्यांना पाठ. ते मला म्हणाले की नव्या लोकांना सुरुवातीला बाहेर बसणं अपमानाचं वाटतं, पण तसं काही नसतं. मी म्हटलं, तुम्हाला आत काय चाललंय याची काळजी नाही वाटत?

‘‘मॅडम, आत आपलीच माणसं असतात ना,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांचा विषय असला की मी आत असतो. माझा असला की ते. बाहेर बसणारा कधी बुडत नाही. हां, आत कुणीच नसलं तर मात्र पंचाईत.’’

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी पाहतच राहिले. त्यात लाज नव्हती, लपवणं नव्हतं. त्यांना खरोखरच वाटत होतं की ही एक चांगली, नीट चाललेली गोष्ट आहे. आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. आत माझं कोण होतं? कुणीही नव्हतं. ही पद्धत चोराला थांबवायला केलेली नव्हतीच. तिच्यात चोराला बसायला बाक होता आणि प्यायला चहा होता. अडायचं होतं ते फक्त ज्याचं आत कुणी नाही त्याने.

काकांना मात्र इमारतीचं कौतुक होतं. त्यांनी सिमेंटला विचारलं की मावशीचं नाव नक्की कुठे लागणार. सिमेंट खूश झाले. त्यांनी बॅगेतून नकाशाची गुंडाळी काढली आणि बाकावर पसरली. एका टोकावर चहाचा कप ठेवला, दुसरं टोक काकांनी आपल्या हाताच्या बोटांत धरलं.

दर्शनी भाग सगळा काचेचा. आत उंच दालन. दालनाला मावशीचं नाव. काका नकाशावर वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘‘आणि आपली कार्यशाळा कुठल्या मजल्यावर?’’

सिमेंटने नकाशा फिरवला, पुन्हा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर अडचण दिसली नाही, फक्त शोधणं दिसलं. मग म्हणाले, ‘‘ती मागची शेड ना? ती पडतेय. तिथे गाड्या लागणार. पण तुमची आठवण ठेवलीय हो. हे बघा, दालनाच्या मधोमध काचेची पेटी. त्यात पहिला हात ठेवायचा आहे. हाच ना तो? हा द्यायचं तुम्ही कबूल केलंय म्हणे.’’

काकांनी खांदा हलवला, बोटं उघडली आणि नकाशाचं टोक गुंडाळत परत गेलं.

नंतर मी त्यांना विचारलं की हात द्यायचं तुम्ही खरंच कबूल केलं होतं का. तर म्हणाले, कुलगुरू फोनवर म्हणाले होते, ‘तुमचा हात आम्हाला हवा आहे.’ मला वाटलं मदतीचा. हे ऐकून मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही.

बाकावर मात्र मी काकांवरच तुटून पडले. खालच्या आवाजात, पण तुटून पडले. तुम्हाला एक शब्द मला विचारावासा वाटला नाही? नाव लागणार म्हटल्यावर विरघळलात? शेड पडली तर तार तुटलेली माणसं जाणार कुठे? मावशीने घर त्या काचेसाठी दिलं होतं का? काका नकाशावरून नजर न उचलता म्हणाले, ‘‘तिचं नाव कधी कुठे लागलं नाही ग. घराच्या दारावरसुद्धा माझंच होतं. घर तिचं, आणि पाटी माझी. म्हटलं, एवढं तरी होऊ दे.’’

राग गेला नव्हता, पण तो काकांवरचा राहिला नव्हता. एका म्हाताऱ्या माणसाच्या मनातली ही एवढी एकच हळवी जागा, आणि या लोकांनी बरोबर तीच शोधून काढून तिच्यावर दालन बांधायला घेतलं होतं. त्यांना कुणी सांगितलं असेल? कुणीच नाही. अशा जागा हुडकायचा त्यांना सरावच असतो.

दार किलकिलं झालं. कुलसचिवांनी काकांकडे बघून मान हलवली. काका उठले आणि मीही उठले. कुलसचिव म्हणाले, मॅडम, तुम्ही नाही, विषय अजून चालू आहे. मी त्यांच्या बाजूने आत शिरले आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले.

कुलगुरूंनी मला समजावलं, नेहमीच्या मऊ आवाजात. हितसंबंधी सदस्य विषयाच्या वेळी आत बसला तर ठरावच बेकायदा ठरतो, हे मला ठाऊक नाही का? मी म्हटलं, ठाऊक आहे, म्हणूनच बसले आहे. विषय संपेपर्यंत बसणार आहे. पुढच्या महिन्यात आणलात तर पुढच्या महिन्यात बसेन.

मला वाटलं, घोडं इथे अडलं. त्यांचाच नियम त्यांच्याच गळ्यात. क्षणभर मी स्वतःवर खूश झाले, हे कबूल करायला हवं.

कुलगुरूंनी वकिलाकडे बघितलं. वकील म्हणाला की उपस्थिती म्हणजे इतिवृत्तात नोंदलेली उपस्थिती. कुलगुरूंनी मान डोलावली आणि कुलसचिवांना सांगितलं, ‘‘मॅडम बाहेर आहेत असं लिहा.’’

‘‘मी इथे बसले आहे,’’ मी म्हणाले.

‘‘बसा ना,’’ कुलगुरू म्हणाले. ‘‘खुर्ची तुमचीच आहे. इतिवृत्तात तुम्ही बाहेर आहात.’’

कुलसचिवांनी लिहिलं. लिहिताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. टेबलाभोवती माणसं होती. शिकलेली, पदव्या असलेली, ज्यांच्या घरच्या लग्नांना मी गेले आहे अशी माणसं. एक निवृत्त न्यायमूर्ती होते. त्यांनी जन्मभर साक्षीदारांना खरं बोलायची शपथ घातली असेल. ते समोरच्या बशीतलं बिस्कीट मोडत होते. मी त्यांना नाव घेऊन हाक मारली, विचारलं, साहेब, मी आत आहे की बाहेर? त्यांनी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत बसले. सगळ्यांनी मूग गिळले होते. मला जन्मात कधी इतका राग आला नसेल. मी ओरडले असते तर त्यांना सोयीचंच झालं असतं, म्हणून मी टेबलाची कड धरून बसले.

काका टेबलाच्या टोकाशी उभे होते. हे सगळं त्यांनी बघितलं होतं. आता कुलगुरू त्यांच्याकडे वळले. मावशीबद्दल, तिच्या दातृत्वाबद्दल चार वाक्यं बोलले. साखरपेरणी करावी तर त्यांनीच. काकांपुढे संमतीचा कागद सरकवला गेला. कुलगुरूंनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, जाड, काळं, सोनेरी टोपणाचं, आणि कौतुकाने म्हणाले, याच हाताने सही करा, आम्हा सगळ्यांना बघायची आहे. कुणीतरी मोबाईलही काढला.

काकांनी खांदा पुढे नेला. बोटं उघडली. पेन घेतलं. खांदा सैल केला आणि बोटं पेनाभोवती मिटली. ते खुर्चीत बसले आणि कागद जवळ ओढला. मला वाटलं, त्या नावासाठी ते सही करणार. आणि मला कुठलाच हक्क नव्हता, मी तर बाहेर होते.

काकांनी मान वर केली. ‘‘कार्यशाळा पाडणार?’’

कुलगुरू म्हणाले, पाडणं हा शब्द बरोबर नाही, आपण तिचं संक्रमण करत आहोत. दुरुस्तीची सोय टप्प्याटप्प्याने कुठेतरी होईल. ही कोपराला गूळ लावायची भाषा काकांना कळली नसती असं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘‘आणि हा हात काचेत ठेवणार?’’

‘‘सन्मानाने,’’ कुलगुरू म्हणाले. ‘‘दिवा असेल आत.’’

काकांनी डाव्या हाताने शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. आत हात घालून पट्ट्याची कडी सोडवली. घाई नव्हती. रोज झोपताना काढतात तसाच काढला. पट्टा आणि तार बाजूला करून, तो हात त्यांनी संमतीच्या कागदावर ठेवला. बोटं मिटलेलीच होती. त्यांत कुलगुरूंचं पेन घट्ट धरलेलं होतं. काकांची उजवी बाही कोपराखाली रिकामी लोंबत होती आणि मोबाईल काढलेल्या माणसाने मोबाईल खाली घेतला.

‘‘हात हवा होता, हा घ्या,’’ काका म्हणाले. ‘‘पेन त्याच्यात आहे. कागद खाली आहे. आता त्याच्याकडूनच सही घ्या.’’

कुलगुरूंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, उतरवायला विसरल्यासारखं. आणि तेव्हा वकील बोलला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, याची मला खात्री आहे. तो फक्त एक अडचण सोडवत होता.

‘‘कायद्याने डाव्या हाताचा अंगठा चालतो,’’ तो म्हणाला, आणि कुलसचिवांना शाईचं पॅड आणायची खूण केली.

मोरीत हात धुणारे काका मला दिसले. मी उठून उभी राहिले. त्या वकिलाला काय बोलणार होते ते आता आठवत नाही, पण ते लिहिण्यासारखं नसणार. काकांनीच माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली. त्यांनी आपला डावा हात उचलला, सगळ्यांना दिसेल असा, आणि पँटच्या खिशात घातला.

‘‘तो एकदा दिलाय,’’ ते म्हणाले. ‘‘पुन्हा नाही.’’

एवढं बोलून ते दाराकडे चालायला लागले. मी हात उचलायला गेले तर म्हणाले, राहू दे, त्यांना हवाय ना. आम्ही बाहेर आलो. सिमेंट बाकावरून उठले, काकांच्या बाहीकडे बघितलं आणि नकाशाची गुंडाळी बॅगेत सरकवली.

आम्ही जिन्यापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून कुलसचिव धावत आले. दोन्ही हातांत तो हात धरला होता, अंगापासून लांब, जणू तो चावेल. धापा टाकत म्हणाले, हे विसरलात. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, ‘‘ते साहेबांचं पेन तेवढं. आमच्याकडून निघत नाहीये.’’

मी जिन्याच्या पायरीवर काकांच्या पाठीवर पट्टा चढवला, तार ओढून बघितली, कडी लावली आणि शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावू दिली. सगळा वेळ कुलसचिव उभे होते. काकांनी खांदा हलवला. बोटं उघडली आणि पेन जिन्यावर पडलं. ते घरंगळत खाली गेलं आणि विद्यापीठाचे कुलसचिव त्याच्यामागे पायऱ्या उतरत गेले.

तो विषय मेलेला नाही, हे मला माहीत आहे. मंडळाचे विषय मरत नाहीत, नवे कपडे घालून परत येतात. मला सदस्यत्वावरून काढण्याची नोटीस आली आहे, शिस्तभंगाची. एका वर्तमानपत्रात छापून आलं की एक प्राध्यापिका स्वतःच्या रॉयल्टीसाठी भांडते आहे. शेड उभी आहे. तिचा पत्रा गळतो, तो आम्ही गेल्या आठवड्यात बदलून घेतला, मुद्दाम. दारावर काकांनी मावशीच्या नावाची पाटी लावली आहे. रंगवलीही त्यांनीच, अक्षरं थोडी आडदांड आहेत.

मग इतिवृत्त घरी आलं. मी ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. त्यात लिहिलं होतं की हितसंबंधी सदस्य विषय चालू असताना बाहेर होत्या. पुढे लिहिलं होतं की देणगीदारांच्या यजमानांची सही काही तांत्रिक कारणामुळे होऊ शकली नाही, सबब विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा.

मी कागद टेबलावर आपटला. तांत्रिक कारण! म्हटलं, बघा, तुम्हालासुद्धा यांनी बाहेर बसवलं. उद्या हेच खरं ठरेल. दहा वर्षांनी कुणी वाचलं तर म्हणेल, म्हातारा तयार होता, पण हातात काहीतरी बिघाड झाला.

काकांनी कागद माझ्याकडून घेतला. चष्मा लावून सगळा वाचला, पहिल्या ओळीपासून. मग पेन मागितलं. मी माझं साधं निळं पेन पुढे केलं. त्यांनी खांदा पुढे नेला, पेन धरलं, कागद डाव्या हाताने दाबून ठेवला आणि त्या ओळीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत हळूहळू लिहिलं, ‘हात व्यवस्थित आहे. मी नाही म्हणालो.’

आणि खाली सही केली, शेवटची रेघ नेहमीपेक्षा लांब ओढून.